आभाराचो कागद

"इला."

पहाटे पाचच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगच्या तळातून हा एवढा एकच शब्द ऐकू यायचा, आणि सोळा घरांतली माणसं कूस बदलून निर्धास्त झोपी जायची. म्युनिसिपालटीचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडायला लागलं की आबा पंपाच्या खोलीतल्या जाड पाइपावर तळवा टेकायचे. डॉक्टर नाडी बघतात तसे डोळे मिटून थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "इला." म्हणायचे स्वतःशीच, पण आवाज असा की चौथ्या मजल्यावरच्या मांजरानंही कान टवकारावेत.

मालवणीत 'इला' म्हणजे आलं. पण आबांच्या तोंडी त्याचा अर्थ तेवढाच नव्हता. लांबचा प्रवास करून कुणीतरी आपल्या दारी आलंय, त्याला आत या, बसा म्हणावं, असा तो सूर असायचा. पाण्याला 'इला', गेलेल्या लायटीला परत आल्यावर 'इली', रेशनच्या रॉकेलला 'इला', आणि गावाहून बायकोचं पत्र आलं की पोस्टमनच्या हातातून ते घेतानाही तोच शब्द. तुम्ही-आम्ही नळाकडे कधी बघतो? पाणी नसलं तर. आबा पाणी असताना बघायचे.

तर हे आबा म्हणजे आमच्या सोसायटीचे पंप बघणारे. नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची चार मजली बिल्डिंग. लिफ्ट नाही. आबा आधी मिलमध्ये होते, साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. संपात मिल बंद पडली ती पडलीच. लालबागच्या ज्या गाळ्यात गाववाल्यांबरोबर पथारी पसरायचे, तो गाळाही सुटला. कुणाच्या तरी ओळखीनं ते आमच्याकडे आले आणि पंपाच्या खोलीला लागून असलेली, एक खाट आणि एक स्टोव्ह मावेल एवढी खोली त्यांना मिळाली. बायको गावी, मालवणच्या अलीकडे. पोरीचं लग्न झालेलं. आबांचं मुंबईतलं सगळं बिऱ्हाड म्हणजे ती खोली आणि तो पंप.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कसा झालो ते सांगतो. पहिल्या सर्वसाधारण सभेत बटाटेवडे होते. सेक्रेटरीपदासाठी अध्यक्षांनी माझं नाव घेतलं त्या वेळी माझ्या तोंडात अख्खा वडा होता. नाही म्हणता आलं नाही. माझ्या मानेची जी हालचाल झाली, ती वडा गिळण्याची होती, पण इतिवृत्तात ती संमती म्हणून नोंदली गेली.

आबा मला 'सेक्रेटरीनू' म्हणायचे. मी मूळचा देशावरचा. हा 'नू' आदराचा असतो हे कळायला मला वर्ष लागलं. तोवर मला वाटायचं, हे माझी टिंगल करतात. टिंगल करावी असं माझ्यात पुष्कळ होतं, हे लवकरच कळेल.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी आबा गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात आपलं म्हणणं मांडायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची, असा तो प्रकार. बहुतेक गाऱ्हाण्यांत मागणी असते. याला पोर होऊ दे, त्याला नोकरी लागू दे, आणि भावकीतल्या अमक्याची वाकडी नजर असेल तर ती सरळ कर. आबांच्या गाऱ्हाण्यात मागणी नसायची. नुसतीच पोच असायची.

पहिल्या वर्षी ते एकटेच पंपाच्या खोलीत उभे राहून स्वतःच म्हणत होते आणि स्वतःच "व्हय म्हाराजा" म्हणत होते. दूधवाला घाबरून बाटल्या जिन्यातच ठेवून पळाला. दुसऱ्या वर्षी पोरं जमली, कारण पहाटे ओरडायची परवानगी पोरांना एरवी कोण देतो? तिसऱ्या वर्षी अंघोळी आटोपून, केसांना तेल चोपडलेली सगळी बिल्डिंग खाली.

"वरसभर पाणी चढला, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"रेशनची साखर ओली होती, पन गावली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"बिल्डिंगीक लिफ्ट नाय, पन सगळ्यांका पाय आसत, म्हाराजा."

यावर चौथ्या मजल्यावरच्या लोकांचा 'व्हय' जरा बारीक यायचा.

अध्यक्षांनी एकदा सुचवलं की आबा, एवढं सगळे जमलोच आहोत तर संध्याकाळीही तासभर पाणी सोडा असं मागून टाका. अध्यक्ष हे निवृत्त सरकारी अधिकारी. अर्ज केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आबा म्हणाले, मागायला वर्षाचे बाकीचे दिवस मोकळे आहेत, आज फक्त मिळालं ते मिळालं म्हणायचं.

तिसऱ्या मजल्यावर टेलिफोन खात्यातले एक गृहस्थ राहायचे. बुलढाण्याकडचं बौद्ध कुटुंब. सगळी बिल्डिंग जमली त्या तिसऱ्या वर्षी ते गॅलरीतूनच बघत उभे होते. आबांनी हात करून बोलावलं तेव्हा ते खाली आले आणि स्पष्टच म्हणाले, "आबा, मी देवाला हो म्हणणार नाही. पण माझा आजा विहिरीपासून लांब उभा राहायचा, कुणी वरून ओंजळीत पाणी ओतेल म्हणून. इथं सोळा घरांचं पाणी एकाच टाकीतून उतरतं. तेवढ्याला माझं हो धरा."

 आबांनी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. 'बा देवा म्हाराजा' ऐवजी 'बा पाण्या म्हाराजा' असं. टेलिफोनवाल्यांचा आवाज त्या दिवशी सगळ्यांच्या वर होता. पुढे कायम 'बा पाण्या'च राहिलं. अध्यक्षांनाही हरकत घ्यायला काही सापडेना.

आता माझ्या पराक्रमाकडे वळू.

गणपतीला आबा गावी जायचे. कोकणातला माणूस गणपतीला मुंबईत राहिला तर त्याला ताप आलाय असं समजावं. त्या वर्षी जाण्याआधी त्यांनी मला पंप शिकवला. पाइपावर हात ठेवायचा, गार लागला तर पाणी आलं. मग पंपाच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतायचं, नाहीतर तो हवा धरतो. मग बटण. मग तिथेच उभं राहायचं आणि आवाज ऐकायचा. मी मान डोलावली. मी पदवीधर होतो. पंप चालवायला काय लागतं?

चौथ्या दिवशी मी पाइपावर हात ठेवला. गार लागला. पहाटेच्या वेळी लोखंड गारच लागतं हे माझ्या पदवीत नव्हतं. म्युनिसिपालटीचं पाणी त्या दिवशी आलंच नव्हतं. मी तांब्याभर पाणी ओतलं, बटण दाबलं आणि चहा प्यायला वर गेलो. चहाबरोबर पेपर आला. पेपरात कोडं होतं. उभ्या ओळीतल्या सातव्या शब्दाशी मी झटत असताना बायकोनं विचारलं, "अहो, हा जळका वास कसला?" मी म्हटलं, शेजारच्यांचं दूध उतू गेलं असेल.

दूध नव्हतं. मोटार होती. कोरडी चालून चालून ती पार जळाली. नवीन येईपर्यंत चार दिवस सगळी बिल्डिंग शेजारच्या सोसायटीतून बादल्या वाहत होती, आणि मी सेक्रेटरी या नात्यानं जिन्यात उभा राहून "सावकाश, सांडू नका" असं मार्गदर्शन करत होतो. कमिटीला दिलेल्या अहवालात मी लिहिलं, 'मोटार जळाली. कारण : वापर.'

आबा परत आले. त्यांनी जळक्या मोटारीचा वास घेतला, तिच्या अंगावरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हातारी झालली. इतकी वर्सा पाणी चढवल्यान तिना." आणि भंगारवाला यायच्या आधी त्यांनी तिला हळदकुंकू आणि दोन झेंडूची फुलं वाहिली. "सेक्रेटरीनू, नमस्कार करा." खुनी इसमानं प्रेताला हार घालावा तसा मी वाकून नमस्कार केला.

इथवर ठीक होतं. पण अध्यक्षांनी माझा अहवाल वाचला. माणूस आला की हलगर्जी आली, आबांनी मोटारीची निगा राखली नसणार, असं म्हणून त्यांनी कमिटीपुढे ठराव मांडला की पंपाला ऑटोमॅटिक बसवावं. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. मग पंप बघायला माणूस नको आणि माणसाला खोली नको. खोलीत सोसायटीचं ऑफिस करू, सेक्रेटरीला टेबल मिळेल. टेबल म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. ती मोटार मी जाळली हे सांगायचा तो क्षण होता. त्या वेळी माझ्या तोंडात वडा नव्हता, तरीसुद्धा मी गप्प बसलो.

पत्र लिहायचं काम माझ्याकडे. आबांना नोटीस, दिवाळीनंतर महिन्याभरात खोली रिकामी करावी. ते मी माझ्या नोकरीच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर इंग्रजीत टाइप केलं. आबांना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. पण माणसाला घराबाहेर काढायचं पत्र मराठीत लिहायला बसलो, तर दुसऱ्या ओळीच्या पुढे हात चालेना. इंग्रजीत ते भराभर झालं. वाचून मलाच बरं वाटलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कुणाला लिहिलंय.

पत्र दिवाळी झाल्यावर द्यायचं ठरलं होतं. तेवढी माणुसकी कमिटीत होती. मी ते लिफाफ्यात घालून ठेवलं. धनत्रयोदशीला बायकोनं आबांसाठी फराळाचा डबा भरला आणि सोबत द्यायला भेटकार्डाचा लिफाफा माझ्याकडे मागितला. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात मात्र दुपारी जेवताना आलं. खिशातून रुमाल काढला तर त्याच्याबरोबर पणतीचं चित्र असलेलं भेटकार्ड बाहेर पडलं.

हात न धुता खाली पळालो. खोलीला कुलूप. आबा भांडुपच्या बाजारात गेले होते, नरकासुर म्हणून पायाखाली फोडायचं ते कडू कारीट आणायला. दाराच्या फटीतून बघितलं, तर डबा स्टोव्हशेजारी होता आणि लिफाफा कुठे दिसत नव्हता.

तासाभरानं दारावरची बेल वाजली. आबा. हातात पत्र. घडी उघडलेली.

"सेक्रेटरीनू, ह्या काय लिवलासा, जरा वाचून दाकवा. माझा इंग्रजी सगळा मराठीतच आसा."

बायको स्वयंपाकघरात चकल्या पाडत होती. सोऱ्या हातात घेऊनच ती दाराशी आली. मी पत्र हातात घेतलं. टाइप केलं होतं मीच, पण पहिल्यांदा बघितल्यासारखं ते दिसत होतं. सुरुवातीलाच 'वुई रिग्रेट'. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. शांतपणे. पाइपावर हात ठेवल्यावर चेहरा व्हायचा तसा त्यांचा चेहरा होता.

"सोसायटीला," मी म्हणालो, "कळवायला आनंद होतो की."

"की?"

"की आबा गेली काही वर्षं पंपाचं काम बघतात. ते फार चांगलं बघतात. त्याबद्दल सोसायटी त्यांची आभारी आहे."

आबांनी कागदावर बोट ठेवलं. "आनि ही मदली लायन?"

मधल्या ओळीत सेवा संपुष्टात आणल्याचं होतं. मी म्हटलं, "ती पण आभाराचीच. इंग्रजीत आभार जरा लांबवर मानतात."

"आनि ही खालची?"

खालची ओळ खोलीची होती.  तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "अहो, ते खोलीचं वाचा ना." तिला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. माझ्या खांद्यावरून तिनं केव्हाच सगळं वाचलं होतं. माझ्याकडे तिनं जसं बघितलं, ते मी इथे लिहीत नाही. आमचा संसार पुढेही चालला, एवढंच सांगतो.

"हां, खोली," मी म्हणालो. "आबा जोवर पंप बघतील तोवर खोली त्यांच्याकडेच राहील."

"आणि पंप कधीपर्यंत बघतील?" बायकोनं विचारलं.

"त्यांची इच्छा असेल तोवर."

"असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"मगे खाली सई कोनाची?" आबांनी विचारलं.

"माझी."

"तुमची आसा तर झाला," असं म्हणून त्यांनी कागद परत घेतला, चार घड्या केल्या, बंडीच्या खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले. बायको आत गेली. त्या दिवशीच्या चकल्या फार काटेरी झाल्या होत्या.

रात्रभर मी विचार केला, की दिवाळी झाली की एकेका कमिटी मेंबरला गाठून समजवायचं. माझ्या हिशोबानं चार दिवस हाताशी होते. आबांच्या हिशोबानं पहाट.

पहाटे पाणी आलं, पंप चालला, बिल्डिंग न्हाली. आबांनी पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं. सगळे जमले होते. अध्यक्ष नव्या झब्ब्यात, अत्तर लावून अगदी पुढे. गाऱ्हाणं सुरू झालं. पाणी चढलं, व्हय म्हाराजा. दुसऱ्या मजल्यावरचं पोर तापातून उठलं, व्हय म्हाराजा. नवी मोटार आली आणि जुनी समाधानानं गेली, व्हय म्हाराजा. इथे मी जमिनीकडे बघितलं. मग आबांनी बंडीच्या खिशातून तो कागद काढला आणि उंच धरला.

"ह्या सोसायटीन माका कागद दिल्यान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली.

"कागदात आभार लिवलेले आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"पंप आबाच बगतलो आनि खोली आबाचीच रवतली, असा सगळ्यांनी मिळान ठरवलानी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सवयीचा परिणाम फार वाईट. या शेवटच्या 'व्हय'मध्ये सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा होता. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी कमिटीकडे बघितलं, कमिटीनं माझ्याकडे, आणि मी बायकोकडे. ती आबांना पोहे वाढत होती.

अध्यक्षांनी मला बाजूला, सायकली ठेवायच्या जागी ओढलं. "हे काय आहे?" ते म्हणाले. "तुम्ही नोटीस दिलीत की मानपत्र?"

मग मी सगळं सांगितलं. लिफाफा, मधली ओळ, खालची ओळ. आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून मोटारही सांगितली. गार पाइप, चहा, कोडं, उभा सातवा शब्द, सगळं.

 सरकारी माणसाला एवढा कबुलीजबाब आयुष्यात फुकट मिळाला नसावा. "म्हणजे," अध्यक्ष म्हणाले, "ऑटोमॅटिक तुम्हालाच बसवायला हवं होतं."

"हो."

"आणि मी आत्ता सगळ्यांदेखत हो म्हणालो."

"सगळ्यांत मोठ्यानं."

त्यांनी झब्बा सारखा केला. म्हणाले, पाण्याला साक्ष ठेवून म्हटलंय, आता इतिवृत्तात तसं घ्यावं लागेल. दिवाळीनंतरच्या सभेत जुना ठराव रद्द झाला. त्यात आणखी एक वाक्य घातलं गेलं, की यापुढे सेक्रेटरीनं पंपाला हात लावू नये. ते एकमतानं झालं. माझंही मत त्यात होतं.

आता झालं असं, की आबांनी ते पत्र फ्रेम करून आणलं आणि पंपाच्या खोलीत, बटणाच्या वर लावलं. सोसायटीनं त्यांना घराबाहेर काढल्याचं पत्र, काचेआड, लाल मखमलीच्या पट्टीसकट. त्या खोलीत कुणी ना कुणी यायचंच, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी वाचता येणारे कमी नव्हते. प्रत्येकानं ते वाचलं. टेलिफोनवाल्यांनी तर चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचलं, आणि बाहेर येऊन मला एवढंच म्हणाले, "टायपिंग चांगलं आहे तुमचं." चाळीस-पन्नास माणसांची बिल्डिंग, जिथे कुणाच्या घरी कुठली भाजी आहे हे गुपित राहत नाही, तिथे पाच वर्षं एकानंही आबांना त्या पत्रात काय आहे ते सांगितलं नाही.

एकदा म्युनिसिपालटीचा माणूस मीटर बघायला आला. फ्रेमजवळ थांबून वाचू लागला आणि "अरे, यह तो..." एवढं म्हणाला. टेलिफोनवाले नेमके तिथे होते. त्यांनी त्याला दंडाला धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि दोन कप चहा, वर उपमा खायला घातला. परत खाली आला तेव्हा तो मीटरसुद्धा विसरला होता.

मग आबांचे गुडघे गेले. गच्चीवरच्या टाकीपर्यंत चार मजले चढायचे म्हणजे प्रत्येक मजल्यावर बसावं लागायचं. बसले की त्या मजल्यावरची माणसं त्यांना सरबत द्यायची. गच्चीवर पोचेपर्यंत त्यांच्या पोटात चार सरबतं झालेली असायची. शेवटी तेच म्हणाले की पुरे आता, गावी जातो, बायको तिकडे एकटी विहिरीवरून पाणी काढते, तिचंही कुणीतरी बघायला हवं.

जायच्या आदल्या दिवशी ते सोळाही घरी निरोप घ्यायला आले. आमच्याकडे शेवटी. पंधरा घरचं खाऊन आले होते, त्यामुळे धड बसता येत नव्हतं. काखेत फ्रेम. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"ह्या तुमी ठेवा, सेक्रेटरीनू. गावाक इंग्रजी वाचूक येणारो कोन नाय."

मला वाटलं, आता तरी सांगावं. पाच वर्षं पोटात होतं. म्हटलं, "आबा, या पत्रात मी वाचलं तसं लिहिलेलं नव्हतं."

"माका म्हायत आसा," आबा म्हणाले.

माझ्या हातातली फ्रेम त्यांनी आपल्याकडे वळवली.

"मिलनं पन असोच कागद दिललो. पयलो शबुद ह्योच. रिग्रेट." त्यांनी काचेवर नेमकं त्या शब्दाखाली बोट ठेवलं. "थय टाइमकीपरान वाचून दाकवल्यान. बरोबर वाचल्यान तेना. एक अक्षर चुकलो नाय."

"मग माझ्याकडे कशाला आणलात वाचायला?"

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. पंधरा घरचं जेवण आणि दोन वाईट गुडघे, त्यामुळे त्या उठण्याला वेळ लागला.

"कागद तोच होतो," ते म्हणाले. "म्हटला, वाचणारो येगळो गावता काय बगूया."

बायको मागे उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाली, कांदा चिरत होते. त्या दिवशी आमच्याकडे कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आबांनी पहाटेचा पंप चालवला आणि दुपारच्या एस.टी.नं गेले. सगळे खालपर्यंत गेलो. ट्रंक टेलिफोनवाल्यांनी उचलली. अध्यक्षांनी आपल्याकडून एक शिफारसपत्र दिलं. आता गावी विहिरीवर ते कुणाला दाखवायचं, हे त्यांनाच ठाऊक.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. तेव्हा लक्षात आलं, की पंप आता कुणी चालवायचा हे ठरवायचंच राहून गेलं होतं. ते ठरवणं सेक्रेटरीचं काम. एकेक दार उघडत गेलं आणि माणसं लुंग्या, गाऊन, पंचे सावरत खाली आली. मला कुणी आत जाऊ दिलं नाही. अध्यक्षांनी उंबऱ्यावर हातच आडवा धरला. टेलिफोनवाल्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, जरा थांबले, बटण दाबलं. पंपानं दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि पाणी धरलं.

आता एक माणूस थांबला असता तरी पुरे होतं. पण कुणी वर गेलं नाही. भिंतीवर फ्रेमचा चौकोन पांढरा उरला होता. त्याच्याखाली, दाराबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर, बिनअंघोळीची सगळी बिल्डिंग गच्चीवरची टाकी भरेपर्यंत पंपाचा आवाज ऐकत उभी राहिली.